बंदूक दिली, घास तोडला

कोकणातल्या शेतकऱ्याच्या घरात ठासणीची बंदूक आहे म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक दरोडेखोराचं आणि दुसरं शिकाऱ्याचं. पिकलेल्या मळ्याच्या कडेला माळ्यावर कांबळं पांघरून रात्र काढणाऱ्या राखणदाराचं चित्र येत नाही. त्याची बाजू कोणी मांडत नाही, म्हणून मी मांडतो. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. कायद्याचं पुस्तक मात्र वाचता येतं, आणि वाचलंही आहे.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात तेरावं कलम आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. ही काही कोणी केलेली मेहेरबानी नव्हे, कायद्यानं कबूल केलेली गरज आहे. आता बंदूक म्हणजे नुसती नळी आणि दस्ता नव्हे. तिला दारू लागते, छर्रे लागतात, आणि निपलावर बसवायची केप लागते. दारू ओतायची, वर काथ्या, मग छर्रे, परत काथ्या, आणि गजानं ठासायचं. यातली एक जरी वस्तू नसली तरी ती बंदूक म्हणजे भिंतीवर टांगलेलं लोखंड. परवान्यावर दारू किती, केपा किती, सगळं लिहिलेलं असतं. पण त्या मिळायच्या कुठं, ते कोणी लिहीत नाही. तालुक्याच्या गावाला खतं मिळतात, औषधं मिळतात, मोबाईल तर दर चौथ्या दुकानात. केपेची डबी मात्र मिळत नाही. एका डबीसाठी एसटीनं जिल्हा पालथा घालायचा, दिवस मोडायचा, आणि दुकानदारानं सांगायचं, “माल इलो नाय हा, पुढच्या महिन्यात बघा.” पुढच्या महिन्यात भात डुकराच्या पोटात गेलेलं असतं.

बैल दिला, पण वैरण बंद केली, तर त्याला बैल दिला म्हणत नाहीत.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. “अहो, ती जुनी पद्धत झाली. जुन्या बंदुकीचा माल आता कोण बनवणार?” हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण खोटं आहे. याच देशात, बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात .३१५ बोअरची रायफल बनत आली आहे. तिचं काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या फौजेचं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं. युरोपनं ते केव्हाच सोडून दिलं. आपल्याकडे ते टिकलं, कारण .३०३ हे लष्कराचं काडतूस, ते साध्या नागरिकाला द्यायचं नाही असं ठरलेलं. मग नागरिकाला दुसरं काही हवं, म्हणून हे परदेशी, जुनं काडतूस सरकारनं शंभर वर्षांच्या जवळपास जिवंत ठेवलं. म्हणजे मनात असलं की जुनं काडतूसही बनतं. आमच्या खडकीच्या कारखान्यात १२ बोअरची काडतुसं बनतात. काळी दारू आणि केप ही त्याहून सोपी वस्तू. प्रश्न कारखान्याचा नाही, कोणासाठी बनवायचं याचा आहे.

इंग्रजांच्या वेळेसही हेच. १९०७ च्या सुमारास त्यांनी .४५० बोअरच्या रायफलींवर हिंदुस्थानात बंदी घातली. कारण भीती. बंडखोरांकडे जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, त्यांच्या गोळीचा व्यास तोच. शिकारी साहेबाच्या काडतुसातली गोळी काढून ती तिकडं वापरली जाईल, असा संशय. साहेबाचं काही अडलं का? नाही. विलायतेतल्या कारागिरांनी लगेच .४६५, .४७० अशी नवी काडतुसं काढली आणि साहेबाची वाघाची शिकार चालू राहिली. मौजेसाठी मारणाऱ्याला पर्याय मिळाला. पोटासाठी राखण करणाऱ्याला तो अजून मिळत नाही.

माल मिळेना की माणूस काय करतो, ते गावात राहणाऱ्याला ठाऊक आहे. वडिलार्जित बंदूक १६ बोअरची, दुकानात माल १२ चा. बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसते ती १२ बोअर. सोळा केल्या तर १६. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. हे माहीत नसलेला पोरगा १२ च्या नळीत २० चं काडतूस सारतो. ते घरंगळत पुढं जाऊन नळीत अडकतं. बार उडाला नाही म्हणून मागून दुसरं भरतो आणि हाताची बोटं गमावतो. कोणी कागदी काडतूस तीन पावसाळे फडताळात ठेवतो. ते फुगतं, नळीत जात नाही, गेलं तर निघत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काळी दारू मिळाली नाही म्हणून नव्या काडतुसातली दारू काढून ठासणीच्या बंदुकीत भरणारे महाभाग. बाबांनो, काळी दारू वेगळी आणि ही बिनधुराची वेगळी. हिचा दाब कितीतरी जास्त. आजोबांच्या वेळची नळी तो सोसत नाही, फुटते, आणि ती गालाला लागूनच असते. घरच्या घरी काडतूस भरणं हा विनापरवाना गुन्हा आहेच, पण गुन्ह्याच्या आधी तो मूर्खपणा आहे. हे मी आमच्याच लोकांना सांगतो, आणि गप्प राहून सांगणार नाही.

पण एवढ्यावर थांबत नाही. ज्याची बंदूक बंद पडते तो फासकी लावतो, कुंपणात वीज सोडतो, नाहीतर गावठी बॉम्ब पेरतो. फासकीला डोळे नसतात. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो, शेजाऱ्याचा कुत्रा अडकतो. विजेच्या तारेवर गाय मरते, कधी माणूसही. बंदूकवाला निदान समोर काय आहे ते बघून चाप ओढतो, आणि निम्म्याहून अधिक वेळा तो आभाळात बार काढतो. त्याला आवाज हवा असतो, मटण नव्हे. जनावर मारण्याची परवानगी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी घ्यावी लागते, हे त्याला माहीत आहे. ज्या प्राणिमित्रांना आमच्या बंदुकीचा राग येतो, त्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा. केप मिळाली नाही तर वाचतो कोण? डुक्कर नव्हे, आणि बिबट्या तर नव्हेच.

त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा, असा कागद येतो. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, म्हणजे काजूच्या ऐन हंगामात. विधानसभेची १५ ऑक्टोबरला, म्हणजे भात पिवळं झालेलं. नेमकी राखणीची वेळ. सरसकट सगळ्यांकडून हत्यारं जमा करू नका, प्रत्येकाची छाननी करा, असं मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. तरी कागद सरसकटच येतो. एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं तो कागद घेऊन आलेल्याला विचारलं, “साहेब, डुकरांका आचारसंहिता लागू आसा काय?” साहेब हसला. म्हातारा हसला नव्हता.

आता मागणं काय ते सांगतो, नाहीतर नुसती कुरकुर होईल. परवाना देता ना? मग त्या परवान्यावर लिहिलेली दारू आणि केप तालुक्याच्या ठिकाणी, परवान्यावर नोंद करून, मिळेल अशी सोय करा. ज्यानं नेलं त्याचा हिशेब राहील, चोरटी दारू आपोआप कमी होईल. आणि ते जमत नसेल तर त्याच तेराव्या कलमात पुढं काय लिहिलंय ते वाचा. ठासणीची बंदूक पीकसंरक्षणाला पुरी पडत नाही अशी खात्री झाली, तर परवाना देणारा अधिकारी दुसरी, साध्या नळीची बंदूक मंजूर करू शकतो. म्हणजे १२ बोअरची, जिचं काडतूस आपल्याच राज्यात बनतं. नवा कायदा नको, समिती नको, अभ्यासदौरा तर नकोच. साठाहून अधिक वर्षं लिहून ठेवलेलं एक वाक्य वापरायचं आहे.

दोन्हीपैकी एकही करायचं नसेल तर परवान्याच्या नूतनीकरणाची फी तरी आमच्याकडून घेऊ नका. मुक्या बंदुकीचे पैसे भरायला आम्ही काही देवळातले मानकरी नाही. सरकारला ही बंदूक नको असेल तर त्यानं तसं तोंडावर सांगावं. उपाशी ठेवून मारण्याची ही रीत आम्ही गुरांच्या बाबतीतसुद्धा वापरत नाही.