माणसाची नोंद झाली. खोलीची केव्हा होणार?

अमरावती-नागपूर महामार्गावरचे तिवसा हे आता केवळ बाजाराचे गाव राहिलेले नाही. तालुक्याच्या कचेऱ्या तेथे आहेत, बँका व शाळा आहेत, आणि ग्रामपंचायतीच्या जागी सतरा सदस्यांची नगरपंचायत आलेली आहे. गाव शहर होऊ लागले की सर्वांत आधी बदलते ती घरांची वहिवाट. बदलीवर आलेला शिक्षक, बँकेतला तरुण कारकून, दुकानातला नोकर, बांधकामावरचा गवंडी ही सारी मंडळी कुटुंब मागे ठेवून येतात आणि तिघे-चौघे मिळून एक खोली घेतात. उलट, तिवसा तालुक्यातला मुलगा बारावी झाला की अमरावतीस जातो आणि तेथे अशाच एका खोलीत आपली वळकटी टाकतो. एकाच्या घरचा ओटा दुसऱ्याचा आसरा होतो, यात वावगे काहीच नाही. वावगे आहे ते एवढेच की, ह्या खोलीत कोण राहतो हे जाणण्याची शासनाला मोठी उत्सुकता असते, पण ती खोली माणसाने राहण्याजोगी आहे की नाही हे विचारणारा कोणी नसतो.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी असे आदेश वेळोवेळी निघतात, आणि ती भरण्याची सोय पोलिसांच्या संकेतस्थळावरही आहे. सन १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने, तो ज्या क्षेत्रांना लागू आहे तेथे, भाड्याचा करार लेखी असावा व त्याची नोंदणी व्हावी असे बंधन घरमालकावर घातले आहे. ते न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षाही सांगितली आहे. हे सर्व ठीकच आहे. परंतु पोलिसांच्या नोंदीत माणसाचे नाव, गाव व छायाचित्र येते. करारात भाडे, अनामत व मुदत येते. खिडकीचा उल्लेख कोठेच नाही. सात जणांत संडास एकच आहे, पाण्याची टाकी उघडी आहे, एकाच तारेवर पंखा, शेगडी आणि पाणी तापविण्याची सळई चालते आहे, हे ह्यांपैकी कोणत्याही कागदावर उमटत नाही. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, त्या दिवसांत गच्चीवरच्या टिनाखाली परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाची अवस्था काय होते, हे कराराचा नमुना तयार करणाऱ्यांना ठाऊक नसावे.

ह्या अनास्थेची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यातून विभागीय शहरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ५१,००० रुपये देण्याची तरतूद झाली. त्यांपैकी निवासासाठी धरलेली रक्कम १५,००० रुपये, म्हणजे महिन्याला साडेबाराशे. शेतकऱ्यांच्या व कामगारांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम योजना आहे. ह्या योजनांचा हेतू चांगला आहे आणि त्यांमुळे कित्येकांचे शिक्षण मध्येच तुटण्यापासून वाचले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु त्यांचा अर्थ असा की वसतिगृह बांधण्याचे काम शासनाने बाजारावर सोपविले आहे. सरकारी वसतिगृहात गळके छप्पर असले तर जाब विचारता येतो. साडेबाराशे रुपयांत बाजाराने जी खोली दिली तिच्याबद्दल जाब कोणाला विचारावयाचा? सार्वजनिक पैशाने भाडे जाते, तर त्या पैशाने घेतलेल्या छपराखाली डोकावण्याची जबाबदारी सार्वजनिक संस्थेवर येते, हे उघड आहे.

ही जबाबदारी घेणारी संस्था नगरपंचायतच असू शकते. तिच्याकडे अधिकार नाही, ही सबब टिकणारी नाही. नगरपंचायती ज्या १९६५ च्या अधिनियमाखाली चालतात, त्यानेच त्यांना आरोग्य, स्वच्छता व इमारतींवरील देखरेखीचे काम दिले आहे आणि शासनाच्या मंजुरीने उपविधी करण्याची मुभाही दिली आहे. तिच्याकडे माणसे नाहीत ही सबब खरी आहे. पण तिलाही उत्तर आहे. मालमत्ता कराची आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते आणि त्या निमित्ताने घरोघर मोजणी होते. घर भाड्याने दिले तर त्याचे काय येईल, ह्याच हिशेबावर अनेक ठिकाणी कर बसतो. खोलीचे भाडे ज्या वहीत शिरले त्याच वहीत खोलीची लांबी-रुंदी, खिडकी, संडास व राहणाऱ्यांची संख्या ह्यांचे चार रकाने वाढविण्यास कोणता खजिना लागणार आहे? भाड्याच्या हिशेबावर कर घेणाऱ्याने भाडेकरूच्या आरोग्याकडे पाठ फिरवावी, हे न्यायाचे नाही.

इतरत्र काय झाले तेही पाहावे. इंग्लंडमध्ये २००४ च्या गृहनिर्माण कायद्याने सामाईक भाड्याच्या घरांना स्थानिक संस्थेचा परवाना लावला, आणि १ ऑक्टोबर २०१८ पासून पाच किंवा अधिक माणसे वेगवेगळ्या कुटुंबांतली असून स्वयंपाकघर किंवा संडास सामाईक वापरत असतील तर असे प्रत्येक घर त्या कक्षेत आणले. एका प्रौढ माणसाच्या निजण्याच्या खोलीचे किमान क्षेत्र तेथे ६.५१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७० चौरस फूट आहे. आपल्याकडे बंगळूरच्या तत्कालीन महानगरपालिकेने २०२४ साली, एका निवासगृहात झालेल्या तरुणीच्या खुनानंतर, जे नियम काढले त्यांतही दरमाणशी ७० चौरस फूट जागा व रोज १३५ लिटर पाणी असेच प्रमाण धरले आहे. तामिळनाडूने महिला व मुलांच्या वसतिगृहांसाठी २०१४ सालीच स्वतंत्र कायदा केला. दहा फूट लांब व सात फूट रुंद जागा म्हणजे काही राजवाडा नव्हे. एक बाज, एक टेबल आणि उठून उभे राहण्यापुरती मोकळीक, एवढेच ते मागणे आहे.

मात्र नियमनाचे नाव काढताच आमच्या मनात एक शंका उभी राहते, आणि ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. घराच्या उंबऱ्याआड सरकारने पाऊल टाकले की काय होते, ह्याचा महाराष्ट्राला कडू अनुभव आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने ज्या घरझडत्या झाल्या त्यांनी रोग थांबण्याऐवजी लोक रोगी लपवू लागले आणि संतापाचा भडका उडाला. वऱ्हाडाचा अनुभव निराळा, पण बोधप्रदच. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या १९४९ च्या घरभाडे नियंत्रण आदेशाखाली घर रिकामे झाले की मालकाने ते अधिकाऱ्याला कळवावयाचे आणि अधिकारी सांगेल त्याला द्यावयाचे, अशी व्यवस्था होती. अशा नियमाने घर मिळण्याऐवजी घराला कुलूप लागण्याचाच मोह वाढतो. उद्या नगरपंचायतीने परवाना, शुल्क, ना-हरकत दाखला आणि तपासनीस अशी फौज उभी केली, तर दोन खोल्यांच्या भाड्यावर म्हातारपण काढणारी विधवा आणि निवृत्त गुरुजी आधी घाबरतील, मग भाडे वाढवतील आणि शेवटी पाटी काढून घेतील. भार अखेर त्याच मुलाच्या अंगावर पडेल, ज्याच्यासाठी हा खटाटोप.

म्हणून आमची सूचना परवान्याची नाही, नोंदीची आहे. वेगवेगळ्या कुटुंबांतली चार किंवा अधिक माणसे जेथे भाड्याने राहतात, त्या घराच्या मालकाने एक पानाचे स्वयंघोषणापत्र द्यावे. शुल्क नाममात्र असावे. अटी पाचच असाव्यात: माणशी पुरेशी जागा, उघडणारी खिडकी, माणसांच्या प्रमाणात संडास, झाकलेले पाणी, आणि सुरक्षित वीज व आगीत बाहेर पडण्याची वाट. उणीव आढळल्यास दुरुस्तीला मुदत द्यावी. शैक्षणिक वर्षाच्या मध्ये कोणाची वळकटी रस्त्यावर येऊ नये. दुरुस्ती करणाऱ्या लहान मालकाला घरपट्टीत सवलत देण्यास शासनाने वाट करून द्यावी. आणि त्या पत्रकात जात, धर्म व आहार ह्यांचा रकाना नसावा. आडनाव ऐकून दार लोटून घेणाऱ्यांना आधार मिळेल अशी कोणतीही वही सरकारी कपाटात ठेवता कामा नये.

हे शेवटचे वाक्य ह्या जिल्ह्याला परके वाटू नये. अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय उघडले ते सर्व जातींच्या मुलांनी एका छपराखाली राहावे म्हणून. गाडगेबाबांनी धर्मशाळा उभारल्या आणि त्या झाडून लख्ख ठेवण्याचा धडा स्वतःच्या हातातल्या खराट्याने घालून दिला. तिवसा तालुक्यातच मोझरीला १९३५ साली तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज वसविले. परक्या माणसाला स्वच्छ आसरा देणे हे ह्या तिघांनीही धर्मकार्य मानले. आपण त्याचा व्यापार केला. व्यापार करण्यात पाप नाही, पण व्यापाराला वजन-माप लागते.

वेळही हीच आहे. अमरावती आणि तिवसा ह्यांच्या दरम्यान नांदगाव पेठ येथे वस्त्रोद्योग वाढतो आहे. सुमारे एक हजार एकरांवरील पी. एम. मित्र उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. कारखाने येतील तर कामगार येतील, आणि कामगार आले की महामार्गाकाठच्या प्रत्येक गावात खोल्यांची मागणी वाढेल. मुंबईत गिरण्या आधी आल्या आणि घरांचा विचार १८९६ च्या प्लेगनंतर झाला; सुधारणा मंडळाचा कायदा १८९८ चा आहे. एका खोलीत पाळीपाळीने निजणाऱ्या गिरणी कामगारांच्या पिढ्यांनी त्या उशिराची किंमत मोजली. तिवसा नगरपंचायतीपुढचा प्रश्न त्या मानाने लहान आहे, आणि लहान आहे तोवरच तो सुटण्याजोगा आहे. पुढच्या कर आकारणीच्या वहीत ते चार रकाने आखण्याचा ठराव तिने करावा. अमरावती महानगरपालिकेनेही, जिच्या हद्दीत अशा खोल्या कितीतरी अधिक आहेत, धाकटीचे अनुकरण करण्यात कमीपणा मानू नये.