पंधरा वर्षांचा राग आणि एका चालीचा बळी

१९ नोव्हेंबर १९७८. न्यू जर्सीतील जायंट्स स्टेडियम. न्यूयॉर्क जायंट्स १७-१२ असे पुढे आहेत, सामना संपायला जेमतेम अर्धा मिनिट उरले आहे आणि चेंडू त्यांच्याच हाती आहे. फिलाडेल्फिया ईगल्सकडे एकही टाइमआउट शिल्लक नाही.

मित्रांनो, हा धागा अमेरिकन फुटबॉलचा आहे. लंबगोल चेंडूच्या, हातांनी खेळायच्या खेळाचा. त्यात प्रत्येक चाल आधी ठरते. ती बहुधा प्रशिक्षक ठरवतो आणि क्वार्टरबॅक खेळाडूंना सांगतो. त्या क्षणी क्वार्टरबॅक जो पिसार्चिक याने चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकला असता, तरी घड्याळाने सामना जिंकून दिला असता. परंतु आक्रमणाचे प्रशिक्षक बॉब गिब्सन यांनी चेंडू लॅरी झोंका याच्या हाती देण्याची चाल सांगितली. खेळाडूंनी जागच्या जागी विरोध केला. पिसार्चिकने मात्र आज्ञा पाळली, कारण आदल्याच आठवड्यात चाल परस्पर बदलल्याबद्दल त्याची कानउघाडणी झाली होती. देवघेवीत चेंडू निसटला, उसळला आणि ईगल्सच्या हर्मन एडवर्ड्सने तो उचलून २६ यार्ड धाव घेतली. ईगल्स १९, जायंट्स १७.

दुसऱ्याच दिवशी गिब्सन यांना काढून टाकण्यात आले. बहुतेक वर्णने इथेच थांबतात: एक मूर्ख चाल, एक मूर्ख प्रशिक्षक, आणि संतापलेले प्रेक्षक. माझा आक्षेप या मांडणीलाच आहे. ती घटना सांगते आणि कारण लपवते.

चाल वाईट होती, यात वाद नाही. पण ती वेडेपणातून आलेली नव्हती. त्याआधी एका चालीत पिसार्चिकने गुडघा टेकला, तेव्हा ईगल्सचे खेळाडू आवेशाने अंगावर आले होते आणि झटापट झाली होती. क्वार्टरबॅक जायबंदी होण्याची भीती खरी होती. शिवाय गुडघा टेकून जिंकणे तेव्हा कमीपणाचे समजत. आज प्रत्येक संघ आघाडी राखण्यासाठी जी सुरक्षित रचना करतो, ती रूढ झाली या सामन्यानंतर. उद्याच्या शहाणपणाने कालच्या माणसाला फासावर देणे हा इतिहासलेखनातला फार जुना रोग आहे.

आता प्रेक्षकांकडे वळू. त्यांनी स्टेडियमबाहेर तिकिटे जाळली. १० डिसेंबरला मैदानावरून एक विमान फिरले. त्यामागच्या फलकावर लिहिले होते, ‘१५ वर्षे भिकार फुटबॉल, आता पुरे झाले’. गर्दीने तीच घोषणा उचलून धरली. या प्रेक्षकांना भावनेच्या भरात वाहणारा जमाव म्हणून हिणवणाऱ्यांनी त्या दिवसाचा निकाल पाहावा. जायंट्सनी सेंट लुईस कार्डिनल्सना १७-० असे हरवले. संघ जिंकत होता आणि प्रेक्षक ‘पुरे झाले’ म्हणून ओरडत होते! एका चालीवर रागावलेला माणूस असे वागत नाही.

फलकावरचा आकडा पाहा. १९६३ नंतर हा संघ एकदाही बाद फेरीत पोहोचला नव्हता. १९६६ साली १४ सामन्यांत एक विजय, १९७४ साली दोन. १९७३ ते १९७६ या काळात चार मैदाने बदलली. त्यांपैकी येल बोलवर खेळलेल्या बारा सामन्यांत जिंकला केवळ एक. प्रशिक्षक येत होते, जात होते. कायम होते ते मालक: वेलिंग्टन मारा आणि त्यांचा पुतण्या टिम, प्रत्येकी निम्म्या वाट्याचे धनी, आणि अखेरीस एकमेकांशी धड न बोलणारे. ज्या घरात कारभारी कोण हेच ठरत नाही, तिथे मैदानावर चाल कोणी ठरवायची यावर गोंधळ होणारच. पंधरा वर्षे मोजणाऱ्या प्रेक्षकाने अर्ध्या मिनिटाकडे बोट दाखवणाऱ्या व्यवस्थापनापेक्षा चांगले निदान केले होते.

उपाय त्यांना कळत होता, असे मात्र नाही. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांच्या मध्यस्थीने १९७९ साली जॉर्ज यंग यांच्याकडे सारी सूत्रे गेली. त्यांनी फिल सिम्स या अपरिचित क्वार्टरबॅकची निवड केली, तेव्हा याच चाहत्यांनी हुर्यो उडवली. जानेवारी १९८७ मध्ये जायंट्सनी डेन्व्हरला ३९-२० असे हरवून सुपर बोल जिंकला आणि सामन्याचा मानकरी ठरला तोच सिम्स. ही चूक प्रेक्षकांच्या पदरी टाकावीच लागेल. तरीही हे यश शक्य झाले ते काका-पुतण्यांच्या हातून कारभार निघाल्यानंतर, हे विसरता येत नाही.

मुख्य प्रशिक्षक जॉन मॅकव्हे यांनाही त्या हंगामाअखेर निरोप मिळाला. पुढे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सच्या व्यवस्थापनात राहून त्यांनी पाच सुपर बोल विजय पाहिले. ज्याला नालायक ठरवले तो दुसऱ्या घरी इतका लायक कसा ठरला, हा प्रश्न ‘एका चालीची’ गोष्ट सांगणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

गिब्सन यांनी पुन्हा कधीच प्रशिक्षकाचे काम केले नाही. त्यांनी फ्लोरिडात मासेमारीच्या आमिषांचे दुकान चालवले. टिम मारा यांनी आपला निम्मा वाटा १९९१ मध्ये विकला. वेलिंग्टन २००५ साली मृत्यूपर्यंत संघाचे मालक राहिले.