मावशीची वही चुकत नाही

माझी मावशी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते आणि त्यांचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवते. एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये केलेली वही तिने अजून जपून ठेवली आहे. त्यात तिच्या गोल अक्षरात एकेक पायरी लिहिलेली आहे : ‘डावीकडे खाली स्टार्ट. मग प्रोग्राम्स. मग एक्सेल.’ मध्यंतरी तिच्याकडे नवा लॅपटॉप आला. मी गेलो तेव्हा तो बंद होता आणि त्यावर वर्तमानपत्रांची चळत होती. म्हणाली, “अरे, माझी वही चुकीची झाली.”

मी ओपन-शेल नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम टाकला, बटण डाव्या कोपऱ्यात नेलं आणि जुन्या वळणाचा मेनू लावून दिला. अर्ध्या तासात मावशी चकल्यांचा हिशोब करत होती. हे एका मित्राला सांगितलं तर तो हसला. “काय बूमरपणा आहे! शिकून घ्यायचं की नवीन.”

हा लेख त्या मित्रासाठी आहे. आणि तुमच्यासाठीही, कारण तुम्हीही हसला असाल.

स्टार्ट मेनू आला २४ ऑगस्ट १९९५ला, विंडोज ९५बरोबर. त्याआधीच्या चाचण्यांत दिसलं होतं की, नवखी माणसं स्क्रीनसमोर बसतात आणि प्रोग्राम उघडायचा कुठून हेच त्यांना कळत नाही. म्हणून बटणावर चक्क ‘स्टार्ट’ असा शब्द लिहिला. सुरुवात करायला इथे क्लिक करा, असं सांगणारा एक बाणसुद्धा त्याच्याकडे सरकत यायचा. कॉम्प्युटर बंद करायलाही ‘स्टार्ट’च दाबावं लागायचं, यावर भरपूर विनोद झाले. पण हेतू स्वच्छ होता : पहिल्यांदा बसलेल्या माणसाला वाट सापडली पाहिजे.

२००१मध्ये एक्सपी आलं आणि मेनू दोन रकान्यांचा झाला. पण तेव्हा बटणावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेलं की जुना, ‘क्लासिक’ मेनू परत घेता यायचा. नंतरच्या व्हिस्टामध्येही ती सोय होती. नवं हवं त्याला नवं, जुनं हवं त्याला जुनं. कुणी कुणाला बूमर म्हटलं नाही.

२००९च्या विंडोज ७मध्ये ही सोय काढून टाकली. त्याच वर्षी इव्हो बेल्चेव्ह या प्रोग्रामरने ‘क्लासिक शेल’ आणलं आणि जुना मेनू परत मिळवून दिला. २०१२च्या विंडोज ८मध्ये तर बटणच गेलं. टचस्क्रीन डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या टाइल्स माउसवाल्यांच्याही स्क्रीनभर पसरल्या. वर्षभरात ८.१मध्ये बटण परत आलं, २०१५च्या विंडोज १०मध्ये मेनूही आला. म्हणजे तक्रार करणारे लोक म्हातारे आणि हट्टी नव्हते, बरोबर होते. बेल्चेव्हने डिसेंबर २०१७मध्ये काम थांबवलं, पण कोड सगळ्यांसाठी खुला केला. तो पुढे चालवणाऱ्या स्वयंसेवकांचं ओपन-शेल म्हणजेच मावशीचा मेनू.

आता तुमचा आक्षेप. जुना मेनू काही फार भारी नव्हता. बरोबर. मेनूतून मेनू, त्यातून आणखी एक मेनू उघडायचा, माउस जरा घसरला की सगळं मिटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. नाव टाइप करून प्रोग्राम शोधणं त्याहून कितीतरी सोपं आहे, मीही तेच करतो. पण मला जे सोपं पडतं ते मावशीवर का लादायचं? तिला नाव टाइप करायचं नसतं, तिला जागा माहीत असते. स्वयंपाकघरात ती मिठाचा डबा नाव वाचून घेत नाही. हात जातो.

तुमचाही जातो. पैसे भरायच्या ॲपमधलं स्कॅनचं बटण उद्या दुसऱ्या कोपऱ्यात गेलं, तर भाजीवाल्यासमोर तुमचा अंगठा जुन्याच जागी आपटेल आणि तोंडून शिवी निघेल. अँड्रॉइडवर तुम्ही लाँचर बदलता, आयकॉन बदलता, सगळं हवं तसं मांडून घेता आणि त्याला ‘कस्टमायझेशन’ म्हणता. मावशीने तेच केलं की बूमरपणा? दोघांचंही म्हणणं एकच आहे : यंत्र माझं आहे, मांडणी मी ठरवीन.

आणि हे बदल नेहमी आपल्याच सोयीसाठी होतात, असं समजायचं कारण नाही. विंडोज १०च्या मेनूत कँडी क्रश न मागता येऊन बसला होता. एप्रिल २०२४पासून विंडोज ११च्या मेनूत शिफारशींच्या जागी ॲप्सच्या जाहिराती दिसू लागल्या. सेटिंगमध्ये जाऊन त्या बंद करता येतात, मान्य. पण ते सेटिंग आहे, हे मावशीला कोण सांगणार? नवख्याला वाट दाखवायला केलेल्या जागेत आता दुकान थाटलंय, आणि दुकान कसं हटवायचं हे माहीतगारालाच ठाऊक.

ओपन-शेलसारखे उपाय टाका, पण डोळे उघडे ठेवून. ते अधिकृत ठिकाणावरूनच घ्या, आणि सिस्टिमच्या मोठ्या अपडेटनंतर कधी बिघडू शकतात हेही लक्षात ठेवा. म्हणूनच ही जबाबदारी फुकट राबणाऱ्या स्वयंसेवकांवर टाकणं मला पटत नाही. दोन मेनू सांभाळायला खर्च येतो, असं कंपनीची बाजू घेणारे म्हणतात. येतोच. पण तोच खर्च कंपनीने व्हिस्टापर्यंत केला होता. आणि आज तो वाचवला, तरी कुणीतरी भरतोच : मावशी वेळ देऊन, मी रविवार देऊन.

मागणी फार मोठी नाही. नवा मेनू खुशाल करा, पण जुन्याकडे जायचं एक बटण सिस्टिममध्येच ठेवा.

परवा मावशीची वही पुन्हा पाहिली. शेवटच्या पानावर एक नवी ओळ आहे : ‘मेनू बदलला तर भाच्याला फोन.’ तिची वही पुन्हा बरोबर झाली. ज्यांना भाचा नाही त्यांनी काय लिहायचं?