हौशी पत्रकार चालेल, हौशी थेरपिस्ट?

एडविन फँचर 2023 मध्ये शंभरी गाठून गेले. अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात त्यांची ओळख ‘द व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाचे एक संस्थापक अशीच राहिली. आपल्यासाठी त्यांचा दुसरा पेशा जवळचा. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि मनोविश्लेषक म्हणून त्यांनी प्रॅक्टिस केली.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगराळ आघाडीवर लढून आलेला हा तरुण न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल’मध्ये शिकला. तिथे त्यांना डॅन वुल्फ भेटले. ऑक्टोबर 1955 मध्ये ग्रिनिच व्हिलेजमधल्या एका फ्लॅटमधून दोघांनी ‘व्हॉइस’चा पहिला अंक काढला, किंमत 5 सेंट. कादंबरीकार नॉर्मन मेलर पैशांत भागीदार होते. त्यांचे सदर मात्र चार-पाच महिनेही टिकले नाही, मुद्रणदोषांवरून ते चिडून बाजूला झाले. वुल्फ संपादक, फँचर प्रकाशक. जमाखर्च, छपाई, जाहिराती या गोष्टी प्रकाशकाच्या गळ्यात. सुरुवातीची वर्षे तोट्याचीच होती. 1962-63 मध्ये न्यूयॉर्कची मोठी दैनिके संपामुळे 114 दिवस बंद पडली, तेव्हा कुठे ‘व्हॉइस’ला खरा वाचक मिळाला.

वुल्फ यांचा आग्रह असा, की पत्रकारितेसाठी पत्रकार असण्याची गरज नाही. ज्याला आपल्या गल्लीत काय चालले आहे ते दिसते त्याने लिहावे, संपादकाने त्याची भाषा मोडू नये. वॉशिंग्टन स्क्वेअर या उद्यानातून मोटाररस्ता काढण्याचा शहरातले बलाढ्य अधिकारी रॉबर्ट मोझेस यांचा घाट रहिवाशांनी हाणून पाडला, तेव्हा हे साप्ताहिक रहिवाशांच्या बाजूने उभे होते. हौशीपणाचे हे वैभव. त्याची काळी बाजूही सांगायला हवी: लिहिणाऱ्यांना मोबदला जवळजवळ नव्हताच.

आता याच माणसाची दुसरी खुर्ची पाहा. मनोविश्लेषणात ‘बाहेरच्या’ माणसाला प्रवेश द्यायचा का, हा वाद फँचर लहान असल्यापासून धुमसत होता. मनोविश्लेषक थिओडोर राइक डॉक्टर नव्हते. व्हिएन्नात त्यांच्यावर भोंदू वैद्यकीचा ठपका आला आणि 1926 मध्ये फ्रॉइड यांनी त्यांच्या बाजूने पुस्तकच लिहिले. मनोविश्लेषकांच्या अमेरिकन संघटनेने मात्र 1938 पासून डॉक्टरांखेरीज इतरांना प्रशिक्षणाचे दार बंद केले. राइक यांनी 1948 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःची संस्था काढली. मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये दाखल केलेल्या खटल्यात 1988 साली तडजोड झाली, तेव्हा ते मोठे दार उघडले. म्हणजे फँचर यांच्या उमेदीच्या काळात बिगर-डॉक्टर मनोविश्लेषकाला संघटनेच्या लेखी बाहेरच उभे राहावे लागत होते.

वरवर पाहता दोन्ही लढाया एकच वाटतात. कुंपण मोडा, माणसांना आत येऊ द्या. मला तसे वाटत नाही. फ्रॉइड यांनी वैद्यकीय पदवीची अट नाकारली, तयारीची नव्हे. उलट स्वतःचे विश्लेषण करवून घेणे, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केसेस हाताळणे, या अटी त्यांना पदवीहून कडक हव्या होत्या. वाचकाला लेख पटला नाही तर तो अंक रद्दीत टाकतो. समोर बसून रडणाऱ्या माणसाला ती सोय नसते.

हे आज लिहावेसे वाटते, कारण आपल्याकडे दोन्ही टोके एकाच वेळी दिसतात. शनिवार-रविवारच्या वर्गानंतर दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी लागते. दुसरीकडे, चांगले प्रशिक्षण आणि वर्षानुवर्षांचा अनुभव असलेल्या सहकाऱ्याला केवळ ‘डॉक्टर नाही’ म्हणून बैठकीत गप्प बसवले जाते. 2021 च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांत वर्तनशास्त्रातल्या कामालाही जागा दिली आहे. त्यातल्या नोंदणीने पाटीचा प्रश्न काहीसा सुटेल. बंद दाराआड आपण काय करतो, हे नोंदणीला दिसत नाही. त्यासाठी सुपरव्हिजनच लागते, आणि ते बहुतेकांना परवडत नाही किंवा जवळपास मिळत नाही. तालुक्याच्या गावी एकट्याने काम करणारा समुपदेशक कुणाकडे जाणार?

1974 मध्ये मालकी बदलून ‘व्हॉइस’ नव्या हातांत गेला आणि वुल्फ-फँचर बाहेर पडले. फँचर यांच्याकडे परतायला क्लिनिक होते.

तालुक्यातल्या त्या एकट्या समुपदेशकासाठी पुढच्या अंकापासून सुपरव्हिजनवर एक सदर सुरू करत आहोत. अडलेली केस दोन पानांत लिहून पाठवा. क्लायंटची लेखी संमती घ्या. नाव, गाव, व्यवसाय बदला. उत्तरे देणाऱ्यांत सायकिअ‍ॅट्रिस्ट, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते असे तिघेही असतील, आणि त्यांच्यातले मतभेद आम्ही कापणार नाही.