रॅम्प बांधला, पण वेबसाइटचं काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की मुंब्रा, कौसा आणि कल्याणच्या गल्ल्यांमधली सायबर कॅफे गजबजून जातात. फॉर्म, कागदपत्रं, फी, मेरिट लिस्ट, सगळं ऑनलाइन. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात एकाच पोर्टलवरून होऊ लागले. पदवीसाठी मुंबई विद्यापीठाची पूर्वनोंदणीही ऑनलाइनच करावी लागते. थोडक्यात, कॉलेजचं फाटक आता मोबाईलच्या स्क्रीनवर उघडतं. मात्र ज्या मुलीला दिसत नाही किंवा ज्या मुलाला माउस धरता येत नाही, त्यांच्यासाठी ते उघडतं का, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

कायद्याने तो केव्हाच विचारला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. सेवा देणारी संस्था सरकारी असो वा खासगी, नियम निघाल्यापासून 2 वर्षांत तिची सेवा दिव्यांगांना वापरता येण्याजोगी व्हायला हवी, असंही त्यात म्हटलं आहे. नियम जून 2017 मध्ये निघाले, म्हणजे मुदत 2019 मध्येच संपली.

मग अडलं कुठे? कायदा सक्तीची भाषा बोलत होता आणि नियम मात्र मार्गदर्शक सूचनांवर भागवत होते. राजीव रतुरी खटल्यात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमकी हीच विसंगती दाखवली. त्यासंबंधीचा नियम कायद्याशी विसंगत ठरवून बंधनकारक नियम 3 महिन्यांत करण्यास केंद्राला सांगितलं. पुढे 30 एप्रिल 2025 रोजी बँकांच्या ऑनलाइन केवायसीबाबतच्या प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. बँकेला हे लागू होतं, तर कॉलेजने हात वर करून कसं चालेल?

प्रत्यक्षात अडचणी साध्याच असतात. अंध विद्यार्थी स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. पण प्राचार्यांच्या सहीची नोटीस स्कॅन करून टाकली की ती केवळ एक फोटो ठरते आणि सॉफ्टवेअर बहुतेक वेळा गप्प बसतं. युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी सूचना वाचताना ते भलतंच काहीतरी बरळतं. फॉर्मच्या रकान्यांना नीट नावं दिलेली नसली तर कुठे काय भरायचं तेच कळत नाही. वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा तर दारावरचं कुलूपच. कर्णबधिरांना मजकूर नसलेला व्हिडिओ निरुपयोगी, आणि कमी दिसणाऱ्यांना पांढऱ्यावरची फिकट करडी अक्षरं.

याची किंमत कोण मोजतं? मेरिट लिस्टनंतर प्रवेश पक्का करायला मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत मुलाला मामेभावाची सुट्टी किंवा कॅफेवाल्याची सवड बघावी लागते. पासवर्ड, ओटीपी, आधार, अपंगत्वाचं प्रमाणपत्र सगळं दुसऱ्याच्या हाती द्यावं लागतं. मुलीच्या बाबतीत तर घरचे म्हणतात, ‘‘जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू.’’ मग पुढचं वर्ष येतच नाही. राखीव जागा कागदावर राहते आणि ‘‘दिव्यांगांचे अर्जच येत नाहीत’’ असं म्हणायला सगळे मोकळे.

यावरचा उपाय नवी इमारत बांधण्याइतका खर्चिक मुळीच नाही. नोटीस युनिकोडमध्ये टाइप करून टाकावी, फोटोखाली दोन ओळींचं वर्णन लिहावं, कॅप्चाला दुसरा पर्याय ठेवावा. वेबसाइट बनवून घेताना करारातच डब्ल्यूसीएजी 2.1 च्या ‘एए’ पातळीची अट घालावी. यूजीसीनेही 2022 मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आहेत. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या प्रत्येक कॉलेजने येत्या प्रवेशांपूर्वी एवढं तरी करावं.

आपल्या ट्रस्टच्या शाळा-कॉलेजांनाही आम्ही हेच सांगू. सरकारकडे बोट दाखवण्याआधी आपली वेबसाइट तपासा. संगणकावर माउस बाजूला ठेवा आणि फक्त कीबोर्डच्या बटणांनी फॉर्म भरून बघा. अँड्रॉइड मोबाईलवर टॉकबॅक सुरू करा (बंद कसं करायचं ते आधी बघून ठेवा), डोळे मिटा आणि प्रवेशाची शेवटची तारीख शोधा. सापडली नाही, तर चूक मुलाची नव्हे. शक्य असेल तर ही तपासणी एखाद्या दिव्यांग विद्यार्थ्याकडूनच करून घ्या आणि त्याचा मोबदलाही द्या.

पालकांनीही गप्प बसू नये. काय अडलं ते कॉलेजला लेखी कळवा, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. आपल्या लेकराने स्वतःचा फॉर्म स्वतः भरावा, ही मागणी काही फार मोठी नाही.