हौसेचे फेरफार आणि रस्त्याचा हक्क

स्पोर्ट्स मोटार कारखान्याने घडविली तशीच ठेवावी, की तिचे इंजिन, चाके आणि सायलेन्सर बदलून ती आपल्या हौसेनुरूप करून घ्यावी, हा वाद वरकरणी चार धनिकांच्या करमणुकीचा वाटतो. परंतु अशी मोटार मालकाच्या अंगणात धावत नाही. ती आमच्या गावांच्या अरुंद रस्त्यांवरून, शाळांवरून आणि देवळांवरून धावते. म्हणूनच हा वाद मालकापुरता राहत नाही.

मोटार म्हणजे सुट्या भागांचा ढीग नव्हे. ती एकमेकांशी तोलून बसविलेली रचना आहे. इंजिनाची ताकद वाढविली की ब्रेक, टायर, गिअर या सर्वांवरील भार वाढतो. वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते आणि थांबताना ती सारी ब्रेकना जिरवावी लागते. होडीला मोठे इंजिन बसविण्यापूर्वी आमचा खारवी तिचा कणा ते पेलेल काय, हे पाहतो. हौशी मोटारमालक पुष्कळदा केवळ आवाज ऐकतो आणि समाधान पावतो.

याचा अर्थ फेरफार मुळातच निषिद्ध आहेत, असा नव्हे. गोंदियाला लागून असलेला मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा पाहा. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार या जिल्ह्यात येते. तेथे पर्यटकांना जंगलात नेणाऱ्या वाहनांत मारुतीची जिप्सी वर्षानुवर्षे आघाडीवर राहिली. 1985 साली बाजारात आलेली ही गाडी पुढे हिमालयातील मोटारशर्यतींत गाजली आणि हौशी मंडळींच्या फेरफारांचे लाडके लक्ष्य ठरली. जंगलात मात्र तिचे छत काढलेले असते आणि मागची बाके चढत्या उंचीने बसविलेली असतात, ती प्रवाशांना नीट दिसावे म्हणून. तेथे ती वनखात्याच्या परवानगीने, ठरलेल्या वाटेने आणि संथ गतीने चालते. हा फेरफार गरजेतून आला आहे आणि तो नियमाच्या चौकटीत नांदतो. त्याच जातीच्या गाडीला कर्कश सायलेन्सर लावून मध्यरात्री वस्ती जागी करणाऱ्याला असे कोणते समर्थन देता येईल?

कायदा याबाबत संदिग्ध नाही. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले की, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. दिव्यांगांसाठी वाहन अनुरूप करून घेण्याची वाटही याच कायद्यात आहे. 2021 च्या नियमांनी तर पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. गरज आणि वारसा या दोहोंची कदर कायदा करतो. मिरविण्याची हौस तेवढी तो मानीत नाही.

तथापि, मूळ रूप म्हणजे सुरक्षिततेची हमी, असा भ्रमही नसावा. 19 मे 2024 रोजी पुण्यातील कल्याणीनगरात भरधाव पोर्शे मोटारीच्या धडकेने मध्य प्रदेशातील दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. तेथे प्रश्न फेरफाराचा नव्हता. अफाट शक्ती कोणाच्या हाती दिली, याचा होता.

सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरविणे हे छायाचित्रापुरते ठीक आहे. परंतु ते बसवून देणारे गॅरेज मोकळे राहिले, तर उद्या नवा सायलेन्सर बसणारच. कारवाई तेथपर्यंत पोचली पाहिजे. त्याचबरोबर ज्याला अभ्यासपूर्वक आणि सुरक्षितपणे बदल करावयाचा आहे, त्याच्यासाठी परवडणाऱ्या शुल्कात तपासणी आणि मान्यता मिळण्याची सोय हवी. पुण्याच्या एआरएआयसारखी जाणती संस्था देशात असताना हे अशक्य नाही. ज्यांना केवळ वेगच हवा, त्यांनी कोइमतूर वा चेन्नईच्या शर्यतपथाची वाट धरावी.

स्वातंत्र्य आणि स्वैराचार यांतील भेद या भूमीला कोणी शिकविण्याची गरज नाही. गाडी मालकाची असेल. रस्ता मात्र सर्वांचा आहे.