उत्तरेचे ऊन



या खेपेस खत-बियाणे बाजूला ठेवतो आणि आमच्या आक्काची हकीकत सांगतो. हसू आले तर मला हसा, तिला हसू नका.

आक्का माझी थोरली बहीण. जन्म शेतात गेला. २०२३ च्या मे महिन्यात ती लेकीच्या बाळंतपणाला गेली, तीही कुठे, तर दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना देशात, ब्यूनस आयर्स शहरी. जावई तिथे नोकरीला. शहराच्या मध्यावर काबाशितो नावाची वस्ती आहे, तिथे चौथ्या मजल्यावर त्यांचे बिऱ्हाड. हा देश तुम्हांला अगदीच परका नाही. आपण दुकानातून सोयाबीनचे तेल आणतो ना, त्यातले पुष्कळसे तिकडूनच जहाजाने येते.

निघताना तिने बॅगेत मेथीची पुरचुंडी आणि कढीपत्त्याचे रोप ठेवले होते. मी दोन्ही काढायला लावले. बी-रोपाबरोबर कीड आणि रोगही प्रवास करतात. विमानतळावर त्याची तपासणी असते आणि ती असायलाच हवी. आपल्या रानातले गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातलेच, हे विसरू नका. आक्का मात्र जाईपर्यंत घुश्शात होती.

इथला वैशाख सोसून ती उतरली ती थंडीत. विषुववृत्ताच्या खाली ऋतू उलटे. आपल्याकडे मृग बरसतो तेव्हा तिथे हिवाळा, आणि संक्रांत भर उन्हाळ्यात. घड्याळ आपल्या साडेआठ तास मागे. ती रात्री साडेनऊला फोन करी, तेव्हा इथे सकाळचे सहा वाजलेले. आणि त्या वेळी तिकडच्या घराघरांत नुकती जेवणाची तयारी! संध्याकाळी चहा-पाव, जेवण रात्री नऊ-दहाला. आक्का म्हणे, "आपल्याकडं या वेळेला जागल्या माळ्यावर चढून एक झोप काढतो."

भेटले की तिथे गालाला गाल लावून मुका घेतात. बायका तशाच पुरुषही. आक्काने तोड काढली. समोरचा चार पावलांवर आला की ही दोन्ही हात जोडून उभी. "हात जोडले की गाल लांब राहतो."

सुरीला धार लावणारा मात्र तिला आवडला. सायकलवरून येतो, आणि ओरडत नाही, लहानशी पावरी वाजवतो. आणखी एक रीत तिने मन लावून सांगितली. दर महिन्याच्या २९ तारखेला बटाट्याच्या पिठाचे छोटे गोळे उकडून खातात आणि ताटाखाली एक नोट ठेवतात, पुढचा महिना बरा जावा म्हणून. पगाराआधी घरात बटाटा आणि पीठच उरते, त्यावरून ही चाल पडली असे म्हणतात. "म्हणजे महिनाअखेर इथंही आहे म्हणायची," आक्का म्हणाली. तिला जरा धीर आल्यासारखा वाटला.

भाजीची दुकाने बोलिव्हियाहून आलेल्या कुटुंबांची पुष्कळ. शहराभोवतीची पालेभाजीही बरीचशी तीच मंडळी पिकवतात. सगळे ताजे, पण मेथीची जुडी दिसेना. बाळंतिणीला मेथी हवी. अखेर मसाल्याच्या दुकानात मेथ्या मिळाल्या आणि आक्काने मला विचारले, "कुठं टाकू?"

इथे माझी चूक झाली. मी ऐटीत सांगितले, थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा क्रेटमध्ये माती भरून दक्षिणेच्या गॅलरीत ठेव. गॅलरी होतीही दक्षिणेलाच. मेथी उगवली, दोऱ्यासारखी लांबली, पिवळी पडली आणि आडवी झाली. मी म्हटले, पाणी जास्त होतेय, मर लागली असेल. पाणी तोडले. उरलेलीही गेली. तेव्हा आक्का म्हणाली, "अरे, या गॅलरीत ऊन येतच नाही. ते जिन्यापलीकडं, मागच्या अंगाला येतं."

आता उजेड पडला. विषुववृत्ताच्या इतके खाली सूर्य उत्तरेकडून जातो. शाळेत शिकलेलो, पदवी घेतलेली, आणि सल्ला दिला तो आपल्या बांधावरचा. "साहेब, आधी रान बघा, मग बोला," असे मला पूर्वी एका शेतकऱ्याने ऐकवले होते, त्याची आठवण झाली. आक्काला हा उलटेपणा समजावला, तर ती म्हणाली, "म्हणून संकष्टीला चंद्रावरचा ससा उलटा दिसला होय! मला वाटलं, चष्मा बदलायला झाला."

जिन्यापलीकडे एक म्हातारी बाई एकटी राहते. तिची गॅलरी उत्तरेला. पण तिच्याकडे जायचे म्हणजे माते प्यायला हवे. माते हा एका झाडाचा वाळवून कुटलेला पाला. भोपळ्याच्या लहान तुंबीत तो भरून वर गरम पाणी ओततात आणि धातूच्या नळीने ओढतात. एकाने पिऊन तुंबी परत दिली की पुन्हा पाणी घालून दुसऱ्याला. नळी सगळ्यांना एकच. (करोनाच्या साथीत मात्र ज्याची त्याची तुंबी वेगळी झाली होती.) उष्ट्या-खरकट्यात जन्म गेलेल्या आक्काने दोन दिवस विचार केला आणि मला विचारले, "तुम्ही पुरुष एका चिलमीवर पाचजण ओढता, तेव्हा कुठं जातं रे उष्टं?" मला उत्तर सुचले नाही.

मन घट्ट करून ती गेली. बाईने तुंबी पुढे केली. आक्काला त्यांच्या भाषेतला एकच शब्द येत होता, ग्रासियास, म्हणजे आभारी आहे. तो म्हणून तिने हात पुढे केला, तर बाईने तुंबी मागे घेतली! मातेच्या बैठकीत त्या शब्दाचा अर्थ, पुरे, आता नको. आक्का रित्या हाताने परतली. लेकीने उलगडा करीपर्यंत चार दिवस गेले, आणि ते चारही दिवस फोनवर एकच, "माझं काय चुकलं रे?" परमुलूख, घरात बाळंतीण, बोलायला दुसरे माणूस नाही. त्या आवाजाने माझी सकाळ सुनी जाई.

पुन्हा गेली तेव्हा तोंडातून शब्द काढला नाही. काडेचिराईतासारखे कडू पाणी तीनदा प्याली, मग म्हणाली, ग्रासियास. बाई खळखळून हसली. क्रेट त्याच दिवशी उत्तरेला गेले.

ऑगस्टात टाकलेली मेथी सप्टेंबरच्या अखेरीस कापायला आली. आक्काने शेंगदाण्याचे कूट घालून पातळ भाजी केली. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचाच, पण भाजीत पडलेला बाईने कधी पाहिला नव्हता. पहिल्या घासाला थबकली, मग वाटी पुसून खाल्ली.

दिवाळी करून आक्का परतली, तेव्हा तिकडे रस्तोरस्ती नीलमोहर फुलला होता. पुढच्या एप्रिलात भाचीचा फोन आला, "मामा, शेजारच्या आजी विचारताहेत, मेथी कधी टाकू?"

मी महिने मोजायला लागलो, तेवढ्यात आक्काने माझ्या हातून फोन घेतला.